मऊ जमीन वेगवान गाडीला नेमकी कुठे अडवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंजिनात ताकद आहे, डबे ताशी ३५० किमीसाठी बनवलेत, रूळ सरळ आहेत, तरी काही पट्ट्यांत गाडी २०० च्या आत ठेवावी लागते आणि कारण सांगतात 'खालची जमीन'. जी जमीन २५ टन एक्सलच्या मालगाड्या वर्षानुवर्षं पेलते, तिला १७ टन एक्सलची फ्रेंच टीजीव्ही जड का व्हावी? आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जवळपास सगळा खांबांवर का चढवला, भराव टाकून का नाही केला?

मालगाडीशी केलेली तुलना इथे फसवते. जमिनीला वजन पेलवतं की नाही, हा एक प्रश्न. ते वजन पुढे सरकताना जमिनीला त्याच्याबरोबर वाकून परत वर यायला वेळ मिळतो की नाही, हा दुसरा. मालगाडी ७५ ने जाते, म्हणजे सेकंदाला २१ मीटर. टीजीव्ही ३०० ने जाते, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. चिखलवट जमिनीत लाट सेकंदाला ५०–६० मीटरने जाते. सगळी अडचण या तीन आकड्यांत आहे.

चाक रुळावर दाबतं तेव्हा रूळ, स्लीपर, खडी, भराव आणि खालची माती असा सगळा थर मिलिमीटरभर खचतो. चाकाखाली एक उथळ खळगा तयार होतो आणि चाकाबरोबर पुढे सरकतो. हा दाब आजूबाजूच्या मातीला कळतो तो लाटांमधून, मुख्यतः जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या रॅले लाटांमधून. गाडी या लाटांपेक्षा बरीच हळू असेल तर दाबाची वर्दी गाडीच्या पुढे निघून जाते आणि ऊर्जा दूर पसरते. गाडीचा वेग लाटेच्या वेगाजवळ आला की लाटा चाकाच्या पुढ्यात साचतात. आधीची लाट निघून जायच्या आत पुढची तिच्यावर येते, आणि खळगा खोल होत जातो. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच वेग धरते तेव्हा नाळेपुढे पाणी कसं उभं राहतं आणि मागे दोन तिरक्या रेघा कशा पसरतात, ते आठवा. गाडीखालच्या मातीत तेच घडतं. जिथे हे शिगेला पोचतं त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात.

लाटेचा वेग काढणं सोपं आहे. मातीचा कातर-ताठरपणा (बाजूने सरकवणाऱ्या जोराला ती किती विरोध करते ते) भागिले घनता, आणि त्याचं वर्गमूळ. घनता साधारण घनमीटरला १५०० किलो आणि ताठरपणा ३ मेगापास्कल असलेल्या सेंद्रिय गाळात उत्तर येतं सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किमी. हा कातर-लाटेचा वेग. रॅले लाट याच्या ९२ ते ९५ टक्के वेगाने जाते. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत ९५ च्या जवळ.

सरकत्या वजनाखाली लांब तुळई कशी वागते याचं गणित रेल्वेवाल्यांना जुनंच आहे. केनी यांनी १९५४ मध्ये ते नीट मांडलं होतं. पण त्या काळी कुठलीच गाडी त्या वेगाच्या आसपास जात नव्हती, म्हणून ते कागदावर राहिलं. प्रत्यक्ष मोजमाप आलं स्वीडनमधून. गोथेनबर्गच्या दक्षिणेला लेड्सगॉर्ड इथे पश्चिम किनाऱ्याच्या मार्गावर एक्स-२००० गाड्या २०० किमी वेगाने सुरू झाल्या आणि भराव, आजूबाजूची जमीन आणि ओव्हरहेड तारेचे खांबसुद्धा हलताना दिसू लागले. मग चाचणीची गाडी अगदी हळू वेगापासून २०४ किमीपर्यंत टप्प्याटप्प्याने नेऊन हालचाल मोजली. ७० च्या आसपास प्रत्येक बोगीखाली एक साधा खळगा, गाडी गेली की जमीन शांत. २०० च्या आसपास मात्र वर-खाली मिळून हालचाल एक सेंटिमीटरच्या पुढे गेली, आणि गाडीमागे लाटांची शेपटी उरू लागली. गाडी तीच, एक्सलचं वजन तेच, रूळ तेच. फरक फक्त वेगाचा.

तिथल्या जमिनीची उतरंड मुद्दाम सांगतो, कारण अशी रचना आपल्याकडच्या खाजणातही सापडते. वर उन्हाने सुकून कडक झालेला दीड मीटरभर कवचासारखा थर. त्याखाली सुमारे तीन मीटर सेंद्रिय गाळ, लाटेचा वेग ४० ते ४५ मीटर. त्याखाली खोलवर सागरी चिकणमाती, जसजसं खाली जावं तसतशी ताठ. इतक्या मऊ गाळाचा स्वतःचा वेग ताशी १६० किमीच्या आत, पण पूर्ण रचनेचा क्रांतिक वेग निघाला सुमारे २३५. वरचं कवच, भराव आणि खालचे ताठ थर यांनी तो वर ओढला. त्यामुळे 'सर्वांत मऊ थराचा वेग म्हणजे क्रांतिक वेग' असं घाईने धरू नये. पण उलट बाजूने, वरचं कवच टणक लागलं म्हणून निर्धास्त होणं त्याहून वाईट. कवचावर जेसीबी फिरतो, ट्रक फिरतात, आणि चार मीटर खाली काय आहे हे कुणाला दिसत नाही. क्रांतिक वेग मुख्यतः वरच्या सहा-आठ मीटरांत ठरतो.

आता सुरक्षित वेग. क्रांतिक वेगाच्या किती जवळ जायचं? मातीत ऊर्जा अजिबात शोषली जात नाही असं धरून साधं गणित केलं तर क्रांतिक वेगाच्या निम्म्या वेगाला हालचाल स्थिर वजनाखालच्यापेक्षा १५ टक्क्यांनी वाढते. ७० टक्क्यांना ती १.४ पट, ८० टक्क्यांना १.६७ पट आणि ९० टक्क्यांना २.३ पट होते. प्रत्यक्षात माती थोडी ऊर्जा शोषते, म्हणून टोकाचे आकडे एवढे चढत नाहीत. आलेख जिथे वर वळतो ती जागा मात्र तीच राहते. वेग क्रांतिक वेगाच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवायचा, हा प्रचलित नियम त्यातूनच आला. लेड्सगॉर्डला २३५ चे दोन-तृतीयांश म्हणजे १५५ च्या आसपास. २०० ला गाडी ८५ टक्क्यांवर होती, आणि गणिताने तिथे जवळजवळ १.९ पट वाढ येते.

हाच नियम उलटा लावा. ३२० किमी म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. दोन-तृतीयांशाचा नियम पाळायचा तर क्रांतिक वेग १३५ मीटर हवा, म्हणजे वरच्या थरांत कातर-लाटेचा वेग साधारण १४० ते १४५ मीटर तरी हवा. चांगला दाबलेला मुरूम किंवा घट्ट वाळू-गोटा २०० च्या पुढे जातो, चिंता नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा तर प्रश्नच नाही, तिथे लाट सेकंदाला किलोमीटरच्या पुढे पळते. अडचण आहे ती पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीची), खाडीकाठच्या सागरी चिकणमातीची, भातखाचरांच्या तळाशी साचलेल्या गाळाची. यांत ३० पासून १०० मीटरपर्यंत काहीही निघतं.

आणि हे आकडे फार हलक्या हाताने मोजलेल्या, जवळजवळ न हललेल्या मातीचे असतात. माती जास्त हलली की तिचा ताठरपणा घटतो. कातर-विकृती, म्हणजे माती बाजूने किती तिरकी झाली याचं माप, हजारात एकाच्या घरात पोचली की मऊ चिकणमाती मूळ ताठरपणाचा मोठा वाटा गमावून बसू शकते. म्हणजे गाडी वेगाने गेली की माती हलते, हलली की मऊ होते, मऊ झाली की क्रांतिक वेगच खाली येतो, म्हणजे तोच वेग आता धोक्याच्या आणखी जवळ. लेड्सगॉर्डच्या मोजमापाशी गणित जुळवायचं तर ही घट धरावीच लागते. जो अहवाल फक्त लहान विकृतीचा आकडा घेऊन क्रांतिक वेग सांगतो, तो जमिनीला असते त्यापेक्षा ताठ दाखवतो.

मोजायचं कसं? आपल्याकडे जमीन तपासणी म्हणजे एसपीटी, अशी सवय आहे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. इमारतीच्या पायासाठी ठीक. पण मऊ गाळात नळी स्वतःच्या वजनानेच खाली जाते, ठोके शून्य किंवा एक. शून्यावरून लाटेचा वेग काढणार कसा? ठोक्यांवरून वेग काढायची सूत्रं आहेत, पण त्यांतलं एक नेहमीचं सूत्र दोन ठोक्यांना सेकंदाला १२० मीटर सांगतं. खऱ्या गाळात तो निम्म्याच्या आत असू शकतो. या कामाला एसपीटीवर विसंबू नये, हे ठासून सांगायला हवं.

योग्य मार्ग म्हणजे लाटेचा वेग थेट मोजणं. पृष्ठलाटांच्या चाचणीत, म्हणजे एमएएसडब्ल्यूमध्ये, रुळांच्या नियोजित रेषेवर मीटरभर अंतराने २४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारी उपकरणं) जमिनीत रोवतात, साडेचार हर्ट्झचे. ओळीपासून काही मीटर लांब पत्रा ठेवून त्यावर आठ किलोचा घण मारतात. कमी वारंवारतेच्या लांब लाटा खोल थरांची खबर आणतात, जास्त वारंवारतेच्या आखूड लाटा वरच्या थराची. एकाच जागी आठ-दहा घण मारून नोंदी एकमेकांत मिळवाव्या लागतात, नाहीतर शेजारच्या रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज मिसळतो. या पद्धतीची एक मर्यादा आहे. ५० मीटर वेगाच्या गाळात पाच हर्ट्झची लाट दहाएक मीटर लांब असते आणि तिच्या निम्म्या, म्हणजे पाच मीटर खोलीपर्यंतच विश्वासाने वाचता येतं. त्याखाली पाहायचं तर जड वजन टाकावं लागतं, किंवा भूकंपमापक बसवलेला शंकू जमिनीत ढकलत दर मीटरला थांबून वर मारलेल्या घणाची लाट किती वेळात पोचते ते टिपावं लागतं. शंकूची पद्धत मऊ मातीत मला जास्त भरवशाची वाटते, कारण तीत तीन मीटर जाडीचा गाळाचा पदर स्पष्ट सुटा दिसतो. पृष्ठलाटांच्या आलेखात तो शेजारच्या थरांत मिसळून जाऊ शकतो. मऊ पट्ट्यात अशा चाचण्या ५० ते १०० मीटरला एक हव्यात. जुन्या नाल्याचं बुजलेलं पात्र ३० मीटर रुंद असतं आणि २०० मीटरच्या अंतरात सहज निसटतं.

मोजमाप कोणत्या महिन्यात केलं, हेही लिहून ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती मे महिन्यात भेगाळून दगडासारखी कडक होते आणि ऑगस्टमध्ये फुगून लोण्यासारखी. मेमध्ये घेतलेला लाटेचा वेग पावसाळ्यातल्या गाडीला लागू होत नाही. काळ्या मातीवर भराव टाकताना वरचा थर काढून टाकतात, खाली न फुगणारी माती आणि वर खडीखाली दाणेदार ब्लँकेटचा थर देतात, तो याचसाठी. पाणी आत जाऊ नये आणि गेलं तर निघून जावं.

बिघाडाची सुरुवात रुळाजवळ कशी दिसते ते बघा. मऊ पट्ट्यात दोन-तीन स्लीपरांभोवतीची खडी पांढुरकी पडते. दगड एकमेकांवर घासून निघालेली ती भुकटी. मग एका स्लीपरच्या टोकाशी पावसानंतर राखाडी चिखल दिसतो. खालची बारीक माती, पाणी आणि वारंवार दाब हे तिन्ही एकत्र आले की गाडी जाताना चिखल खडीतून वर उसळतो. यांतलं एक काढलं तरी तो थांबतो, आणि सगळ्यात स्वस्तात काढता येतं ते पाणी. मग तो स्लीपर रुळाला लटकू लागतो, खाली दोन-चार मिलिमीटरची फट. चाक आलं की तो आदळतो, शेजारच्या स्लीपरवर ताण वाढतो, आणि खड्डा गाडीच्या दिशेने लांबत जातो. टॅम्पिंग मशीन आणून खडी दाबली की आठवडाभर ठीक, पुन्हा तेच. एकाच किलोमीटरमध्ये वर्षात तिसऱ्यांदा टॅम्पिंग करावं लागत असेल तर खडीकडे बघणं थांबवून खालची जमीन बघायला हवी. पूल आणि भराव यांच्या सांध्यावर हे सर्वांत आधी दिसतं, कारण पूल ताठ आणि भराव खचणारा. म्हणून तिथे सिमेंट मिसळलेल्या खडीची पाचर देऊन ताठरपणा वीसएक मीटरमध्ये हळूहळू बदलत नेतात.

इथवर लाटेचं झालं. दुसरा आजार वेगळा आहे, आणि या दोघांची गल्लत केल्यामुळे पैसा चुकीच्या जागी जातो. तो म्हणजे खचणं: महिने-वर्षं चालणारं, गाडीच्या वेगाशी थेट संबंध नसलेलं. तरी तोही वेग कमी करायला लावतो.

समजा ८० मीटर लांबीच्या पट्ट्यात रूळ लाटेसारखा झाला आहे आणि माथ्यापासून तळापर्यंत फरक २० मिलिमीटर आहे. डोळ्यांना काहीच दिसणार नाही. १०० किमीच्या गाडीला त्यातून मिळणारं उभं त्वरण सेकंदवर्गाला ०.०५ मीटरच्या आत असतं, कुणाला जाणवणार नाही. ३०० ला ते नऊपट होतं, ०.४३. वर आणखी एक गोष्ट. डबा सस्पेन्शनवर सेकंदाला साधारण एकदा वर-खाली डोलतो, ती त्याची स्वतःची लय. १०० किमीला ती लय २८ मीटरच्या लाटेने उठते, ३०० ला ८३ मीटरच्या. म्हणजे जो ७०–८० मीटरचा खोलगटपणा साध्या गाडीला दिसतही नाही, तोच वेगवान गाडीच्या डब्याच्या लयीशी नेमका जुळतो. युरोपातल्या ट्रॅक-मोजणीत २५ ते ७० आणि ७० ते १५० मीटर लांबीच्या चढउतारांसाठी वेगळे गट केलेत ते यामुळे. आपल्याकडच्या दहा-वीस मीटरच्या दोरीच्या मोजणीत हे कधीच सापडणार नाही. आणि खाडीतल्या गाळावरचा भराव खचतो तो नेमका असाच, लांब आणि उथळ.

म्हणून चीनमध्ये ३०० ते ३५० किमीच्या मार्गांवर बांधकामानंतरचं खचणं काँक्रीटच्या स्लॅब ट्रॅकसाठी १५ मिमीत आणि खडीच्या ट्रॅकसाठी ५० मिमीत ठेवण्याचा नियम आहे. स्लॅबला एवढा कडक, कारण खडी टॅम्प करून उचलता येते, स्लॅब उचलता येत नाही. रूळ धरणाऱ्या फास्टनिंगमध्ये पॅड घालून दोन-तीन सेंटिमीटर सावरता येतात, त्यापुढे स्लॅबखाली ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरण्यावाचून गत्यंतर नसतं.

मऊ चिकणमातीचं खचणं थांबायला किती काळ लागतो? दहा मीटर जाड थर, वर-खाली दोन्हीकडून पाणी निघतं, आणि पाणी निघण्याचा गुणांक वर्षाला एक चौरस मीटर: ९० टक्के खचायला २१ वर्षं. १.२ मीटर अंतरावर उभ्या निचरा-पट्ट्या खुपसून वर जादा भराव ठेवला तर तेच काम वर्षभरात होतं. पट्ट्या ढकलताना भोवतालची माती मळली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच धरा. ही पद्धत स्वस्त आहे, आपल्याकडे बंदरं आणि महामार्गांच्या कामांत नेहमीची आहे आणि खचण्यावर उत्तम आहे. पण लाटेचा वेग तिने फारसा वाढत नाही! पाणी निघून माती थोडी घट्ट होते, ६० मीटरचा वेग ७५–८० व्हावा एवढंच. खचणं संपलेला, वर्षभर दाबून ठेवलेला भराव क्रांतिक वेगाच्या हिशेबात अजूनही नापास असू शकतो. निविदेत फक्त 'ग्राउंड इम्प्रूव्हमेंट' एवढंच लिहिलं असेल तर कोणत्या आजारावर, हे विचारायलाच हवं.

लाटेवर इलाज करायचा तर जमिनीला ताठ करावं लागतं. गाळ तीन-चार मीटरच्या आत असेल तर सरळ खणून काढून मुरूम-दगड भरणं सर्वांत खात्रीचं. खाली गेला तर लेड्सगॉर्डला केलं तसं: चुना आणि सिमेंटची कोरडी भुकटी फिरत्या पात्याने मातीतच मिसळून खांब तयार करायचे. स्वीडनमध्ये हे साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचे असतात. ते सुटे ठेवण्यापेक्षा एकमेकांना लागून ओळीत घेतले तर भिंती तयार होतात आणि लाटेला जास्त अडवतात. गाळात सेंद्रिय अंश जास्त असेल तर नुसता चुना नीट पकडत नाही, सिमेंटचं प्रमाण वाढवावं लागतं, आणि त्यासाठी आधी त्याच मातीचे नमुने प्रयोगशाळेत मिसळून पाहावे लागतात. चिनी मार्गांवर सिमेंट, फ्लाय ॲश आणि खडीचे बारीक पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) जवळजवळ घालून वर खडीची गादी देतात. नेदरलँड्सच्या एचएसएल-झाउड मार्गावर, जिथे पीटचे थर जागोजाग आहेत, रूळ पाइलवर टेकलेल्या सलग काँक्रीटच्या पाटावरच घातले. त्याला तिथले लोक 'न खचणारी पाटी' म्हणतात. वजन पाइलमधून थेट खालच्या वाळूत उतरतं, पीटला गाडीची खबरच लागत नाही.

मुंबई–अहमदाबादच्या ५०८ किमीतला बहुतेक भाग व्हायाडक्टवर (खांबांवरच्या लांब पुलावर) असण्यामागे हेही एक कारण आहे. गाडी ३२० ने चालवायची, मार्गात वसई-ठाण्याच्या खाड्या, नदीमुखं, भातशेतीचे सखल पट्टे, आणि वर चार महिने पाऊस. प्रत्येक गाळपट्टा शोधून त्यावर वेगळा इलाज करण्यापेक्षा पाइल ताठ थरापर्यंत नेणं सोपं पडतं. भूसंपादन कमी लागणं, खालून रस्ते आणि पाणी मोकळं राहणं, गुरं रुळांवर न येणं ही कारणंही तितकीच खरी आहेत. सगळं श्रेय मातीला देणं बरोबर होणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतच्या २१ किमी बोगद्यात, ज्यातले ७ किमी ठाणे खाडीखालून जातात, प्रश्न आणखी वेगळे आहेत.

पण खांबांवर चढलो म्हणजे जमिनीपासून सुटलो, असंही नाही. तैवानचा वेगवान मार्ग जानेवारी २००७ मध्ये सुरू झाला. युनलिन जिल्ह्यात तो व्हायाडक्टवर आहे, आणि तरीही तिथलं खचणं सुरू राहिलं. शेतीसाठी विहिरींतून इतकं पाणी उपसलं जातं की पाइलच्या टोकाच्याही पुष्कळ खालचे थर दबत जातात आणि पाइल जमिनीसकट खाली जातात. तिथे खांब किती बुडाला यापेक्षा शेजारच्या दोन खांबांत फरक किती पडला, हे महत्त्वाचं. सुट्या तुळयांच्या सांध्याला हजारात एक इतका कोन ही मर्यादा. इलाज रेल्वेच्या हातात नव्हता; मार्गाजवळच्या खोल विहिरी बंद करणं हाच. जिथे बोअरवेल दरवर्षी आणखी खोल जातात त्या कोणत्याही मैदानी प्रदेशात मार्ग आखताना भूजलाच्या २०–३० वर्षांच्या नोंदी मागवणं मला पाइलच्या लांबीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

काही धोके मात्र वेग कमी-जास्त करून सांभाळता येत नाहीत, ते आधीच शोधावे लागतात. २१ डिसेंबर १९९३ ला उत्तर फ्रान्समध्ये ओत-पिकार्दीजवळ टीजीव्ही २९४ किमी वेगात असताना रुळांवरून घसरली. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचा तो भाग. जमिनीखाली राहिलेली पोकळी पावसाने ढासळली आणि रुळांखाली काही मीटर लांबीचा खड्डा पडला. डबे एकमेकांना सामाईक बोग्यांनी जोडलेले असल्याने गाडी उलटली नाही आणि प्राणहानी झाली नाही. ३०० च्या वेगातून थांबायला तीन किलोमीटरच्या पुढे जागा लागते. चालकाने खड्डा पाहून काही करणं शक्यच नव्हतं. ५ मार्च २०२० ला स्ट्रासबूर्गजवळ इंगेनहाइमला कटिंगचा (जमीन कापून केलेल्या वाटेचा) उतार रुळांवर आला आणि टीजीव्हीचा पुढचा भाग घसरला, चालक गंभीर जखमी झाला. हा मार्ग २०१६ चा, म्हणजे नवा, आधुनिक निकषांचा. उताराच्या पोटात पाणी साचणं हे जुन्या-नव्याचा भेद करत नाही.

कोकण रेल्वेने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधून आलेल्या दगड-मातीने गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. आज तिथे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, कटिंगांवर गस्त असते, आणि मुसळधार पावसात दिसेनासं झालं तर ताशी ४० किमीने चालवण्याचा आदेश असतो. हा ४० चा आकडा लाटेचा नाही, नजरेच्या टप्प्यात थांबता यावं याचा आहे. वेगवान मार्गावर ती सोय नाही. तिथे कटिंगच्या कडेला दरड ओळखणाऱ्या तारा, उतारात पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या आणि पर्जन्यमापक लावून, ठरलेला आकडा ओलांडला की गाडी आपोआप हळू व्हावी अशी सोय करावी लागते.

राहिला प्रश्न, मऊ पट्ट्यावरची वेगमर्यादा उठवायची कधी. इलाज झाल्यावर एकाच गाडीच्या फेऱ्या ८०, १२०, १६०, १८०, २०० अशा वाढत्या वेगाने घ्यायच्या. प्रत्येक वेगाला तीन तरी, आणि दोन्ही दिशांनी. स्लीपरवर आणि रुळापासून साडेसात व पंधरा मीटरवर जिओफोन ठेवायचे. वेगासमोर हालचालीचा आलेख काढायचा. रेषा सपाट जात असेल तर पुढचा टप्पा. ती वर वळायला लागली की त्याच्या आधीच्या वेगावर थांबायचं, मग आराखड्यात कितीही लिहिलेलं असो. हीच चाचणी पहिल्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरअखेर, जमीन पूर्ण भिजलेली असताना पुन्हा घ्यायची, आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवून जो वेग कमी निघेल तोच कॉशन ऑर्डरवर (चालकाला दिल्या जाणाऱ्या वेगमर्यादेच्या लेखी सूचनेवर) लिहायचा.